हाताची घडी, तोंडावर बोट

१

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात एका द्विशिक्षकी शाळेवर मी काही वर्षे होते. पहिली ते चौथी असे चार वर्ग, दोन खोल्या, आणि आम्ही दोघे शिक्षक. माझ्या खोलीत तिसरी आणि चौथी. चौथीला धडा शिकवायचा तर तिसरीला गप्प बसवावे लागे. गप्प बसवण्याचा मंत्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेला पाठ आहे: ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’

तिसरीत एक मुलगा होता. तो गणित करताना पुटपुटायचा. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे असले की त्याचे ओठ हलू लागत. ‘दोनातून सात जात न्हाईत. शेजारून एक आन. बारा झाले. बारातून सात गेले, पाच. तिकडं पाच व्हते, एक दिला, चार ऱ्हायले. चारातून दोन गेले, दोन.’ आणि तो पाटीवर पंचवीस लिहायचा. हे सगळे तो कोणालाही सांगत नव्हता. शेजारच्या मुलाकडे त्याचे लक्ष नसे, माझ्याकडेही नसे. पण चौथीच्या मुलांना त्याचा आवाज ऐकू यायचा, ती हसायची, आणि मी म्हणायचे, ‘मनातल्या मनात कर रे. ओठ हलवू नको.’

तो ओठ मिटायचा. मग त्याच गणिताचे उत्तर पस्तीस यायचे.

हे पस्तीस कुठून आले, हे वजाबाकी शिकवणाऱ्या कोणालाही लगेच कळेल. शेजारून एक आणला, पण दिलेला एक वजा करायचा राहिला. ‘तिकडं पाच व्हते, एक दिला, चार ऱ्हायले’ हे वाक्य गळाले. मी तोंडावर बोट ठेवायला लावले आणि नेमके तेवढेच वाक्य मुलाच्या हातून सुटले. वहीत मी लाल फुली मारली. अशा फुल्या साठत गेल्या आणि वर्षाच्या शेवटी त्याचे नाव मी ‘अप्रगत’ मुलांच्या यादीत लिहिले. मधल्या सुट्टीत तोच मुलगा मैदानावर काडीने मातीत गणिते करताना मी पाहिला होता. तिथे तो मोठ्याने बोलत होता आणि उत्तरे बरोबर येत होती. तरीही दोन्ही गोष्टींची सांगड मला घालता आली नाही. ती सांगड पुढे कित्येक वर्षांनी, एका पुस्तकाच्या वाचनातून लागली. तोवर मूल हातचे गेले होते.

हा निबंध त्या पस्तीसबद्दल आहे. मूल स्वतःशी बोलते म्हणजे काय करते, त्या बोलण्याचे पुढे काय होते, आणि आपल्या शाळेने, तसेच आपल्या साहित्यविचाराने त्याकडे कसे पाहिले, याची तपासणी मला करायची आहे.

२

सुरुवात भाषेपासून करू. स्वतःशी बोलण्याला मराठीत जे शब्द आहेत त्यांतले बहुतेक नाराजीचे आहेत. पुटपुटणे, बडबडणे, बरळणे. एकटाच बोलतो तो खुळा किंवा भ्रमिष्ट. मोठ्या माणसाला रस्त्यात ओठ हलवताना कोणी पाहिले तर तो ओशाळतो. ‘स्वगत’ हा त्यातल्या त्यात प्रतिष्ठित शब्द आपल्याला नाटकाने दिला. तोही वास्तववादी नाटक आले तसा रंगभूमीवर संकोचू लागला. घरात कोणी असे बोलत नाही, मग रंगमंचावर का बोलावे, असा आक्षेप होता. खरे तर घरात असे बोलणारे माणूस असतेच. ते साडेतीन-चार वर्षांचे असते, म्हणून त्याची गणती होत नाही, एवढेच.

पण याच भाषेच्या व्याकरणात एक वेगळी साक्ष दडली आहे. ‘म्हणणे’ हे क्रियापद पाहा. शेजारीण दारात येऊन म्हणते, ‘म्हटलं, जरा बघून यावं.’ तिने हे कोणाला म्हटलेले असते? कोणालाच नाही. ते तिच्या मनात आलेले असते. ‘म्हटलं, तू शेतात गेला असशील’, ‘म्हटलं, पाऊस येतो की काय’, इथे ‘म्हटलं’ याचा अर्थ ‘वाटलं’ किंवा ‘मनाशी ठरवलं’ असा आहे. आमच्याकडे परभणीच्या बोलीत हेच ‘म्हनलं’ होते आणि दर चार वाक्यांत एकदा तरी येते. ज्या भाषेत विचार करणे आणि म्हणणे यांना एकच क्रियापद चालते, त्या भाषेने विचार म्हणजे स्वतःशी केलेले बोलणे हे केव्हाच ओळखलेले आहे. शब्दकोशात तिरस्कार आणि व्याकरणात मान्यता, अशी ही विसंगती आहे. शाळेने शब्दकोशाची बाजू घेतली.

३

या विषयावरचा विसाव्या शतकातला मोठा वाद दोन माणसांमधला आहे आणि दोघेही १८९६ साली जन्मलेले. झां पियाजे स्वित्झर्लंडमधले, लेव्ह विगोत्स्की रशियातले. मुलाच्या भाषेविषयीचे पियाजेंचे पुस्तक १९२३ साली निघाले. जिनीव्हातल्या बालशाळेत मुले खेळताना, चित्रे काढताना जे बोलत ते टिपून घेऊन त्यांनी असे दाखवले, की त्यातले बरेचसे बोलणे कोणाला उद्देशून नसते. ऐकणाऱ्याला ते कळते आहे की नाही याची मुलाला फिकीर नसते. या बोलण्याला त्यांनी ‘स्वकेंद्री’ म्हटले. मूल दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहू शकत नाही, त्याचे हे लक्षण. वाढत्या वयाबरोबर मूल सामाजिक होते आणि हे बोलणे गळून पडते, असे त्यांचे तेव्हाचे म्हणणे होते.

विगोत्स्कींनी हेच बोलणे पाहिले, पण उलट्या टोकाकडून वाचले. मूल आधी सामाजिकच असते, असे ते म्हणाले. आई त्याला म्हणते, ‘हळू, सांडेल’. मग मूलच पेला धरताना ‘हळू, सांडेल’ म्हणते. मग ते कुजबुजते. मग ओठ नुसते हलतात. आणि शेवटी काहीच ऐकू येत नाही. तरीही पेला हळूच धरला जातो. जे बोलणे गळून पडले असे पियाजेंना वाटले, ते विगोत्स्कींच्या मते आत गेले. मोठ्या माणसाचा मूक विचार म्हणजे लहानपणीच्या त्या पुटपुटण्याचाच पुढचा अवतार.

हे नुसते मत नव्हते. विगोत्स्कींनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या. चित्र काढायला बसवले, पण हवी ती पेन्सिल ठेवली नाही, कागद कमी ठेवला. अडचण येताच मुलांचे स्वतःशी बोलणे जवळपास दुप्पट झाले. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्रामचे चित्र काढत असताना पेन्सिलीचे टोक मोडले. मोडले, असे तो स्वतःशीच म्हणाला, पेन्सिल ठेवून रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवली. तोंडातून निघालेल्या एका शब्दाने चित्राची दिशा बदलली. शब्द कामाची सोबत करत नव्हता, तो काम चालवत होता.

दुसरा प्रयोग आमच्या भागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मुलाला त्यांनी बहिऱ्या मुलांमध्ये बसवून पाहिले, त्याची भाषा न समजणाऱ्या मुलांमध्ये बसवून पाहिले. हे बोलणे जर खरोखर कोणासाठीच नसते, तर आजूबाजूला कोण आहे याने फरक पडायला नको होता. पण फरक पडला. समजून घेणारे कोणी नाही असे दिसताच मुलाचे स्वतःशी बोलणेही झपाट्याने घटले. म्हणजे स्वतःशी बोलायलाही आधी आपले बोलणे समजणारी माणसे भोवती लागतात.

विगोत्स्की १९३४ साली क्षयाने गेले. विचार आणि भाषा यांवरचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी त्यांच्या पश्चात आले. पुढे स्टालिनच्या काळात त्यांच्या लेखनावर बंदी आली, आणि इंग्रजीत ते पुस्तक १९६२ साली उतरले. त्या निमित्ताने पियाजेंनीही आपली प्रतिक्रिया लिहिली आणि विगोत्स्कींचे बरेचसे म्हणणे मान्य केले. पुढच्या अभ्यासांत या बोलण्याचा आलेख ढोबळमानाने टेकडीसारखा दिसला: तीन-चार वर्षांपासून चढतो, शाळेच्या पहिल्या वर्षांत माथ्यावर असतो, मग कुजबुजीत उतरत जातो.

माझा तिसरीतला मुलगा त्या उतारावर होता. सोप्या बेरजा तो न बोलता करायचा. अवघड वजाबाकी आली की पुन्हा ओठ हलायचे. हे मागासलेपण नव्हते. आपणही नाही का, अनोळखी अर्ज भरताना किंवा हरवलेली किल्ली शोधताना पुटपुटायला लागतो!

४

हा विचार मराठीत मांडायला गेले की एक उत्तर हमखास मिळते: ‘हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवले आहे. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी.’ मी स्वतः एका प्रशिक्षणात हे उत्तर ऐकले आहे आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. आज मला ते अपुरे वाटते. का, ते सांगते.

वाणीचे चार भाग आणि त्यांतले तीन गुप्त, ही कल्पना ऋग्वेदाइतकी जुनी आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असा विचार केला, पुढच्या परंपरेने त्यांवर परा ठेवली. मध्यमा म्हणजे मनात शब्दांचा क्रम लागलेला आहे पण कंठातून ध्वनी निघालेला नाही, अशी वाणी. हे वर्णन मनातल्या बोलण्याशी चांगलेच जुळते. साम्य खोटे नाही.

पण दिशा पाहा. चार वाणींच्या विचारात भाषेचा उगम आत आहे आणि ती पायरीपायरीने बाहेर येते. वैखरी ही सगळ्यांत बाहेरची, सगळ्यांत स्थूल. विगोत्स्कींकडे प्रवास नेमका उलटा: जे आधी माणसामाणसांत, उघड, ऐकू येईल असे होते, ते नंतर आत गेले. एक विचार तयार झालेल्या वक्त्याचे वर्णन करतो, दुसरा तो वक्ता तयार कसा झाला ते सांगतो. दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. मात्र वर्गात गेल्यावर दोहोंतून निघणारा व्यवहार वेगळा आहे. वाणी मुळात आत असते असे धरले की शिक्षक म्हणतो, ‘आधी मनात नीट विचार कर, मग बोल.’ वाणी बाहेरून आत जाते असे धरले तर त्याला म्हणावे लागते, ‘आधी बोल, म्हणजे मग तुला मनात विचार करता येईल.’ ‘आपल्याकडे आधीच होते’ या समाधानात हा फरक बुडून जातो आणि तोंडावरचे बोट जिथल्या तिथे राहते.

५

आपल्या परंपरेत या विषयाचे खरे धन शोधायचे तर ते मला शास्त्रापेक्षा जात्यापाशी दिसते. आणि त्यासाठी गंगाखेड सोडून कुठे जावे लागत नाही.

जनाबाई गंगाखेडची. परंपरा सांगते की ती लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून वाढली. सुमारे ३५० अभंग तिच्या नावावर आहेत. त्यांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, झाडतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. मराठी समीक्षेने या अभंगांचे वाचन मुख्यतः दोन अंगांनी केले: भक्तीचा उत्कट आविष्कार म्हणून, आणि स्त्रीच्या, दासीच्या दुःखाचा उद्गार म्हणून. दोन्ही वाचने योग्यच आहेत. मी तिसरे एक निरीक्षण त्यांच्या शेजारी ठेवते. आईबापांवेगळी झालेली एक पोर परक्या घरात कष्टाचे काम करते आहे, आणि त्या कामाच्या लयीत ती कोणाशी तरी बोलते आहे. ज्याच्याशी ती बोलते तो तिचे काम हलके करतो. अभंगाच्या शेवटी ती स्वतःचे नाव घेते, जणू बोलणारी एक जनी आणि तिच्याकडे पाहणारी दुसरी जनी. नाममुद्रेचा हा संकेत सगळ्याच संतांचा आहे, तो तिचा एकटीचा नाही. तरी स्वतःला नावाने हाक मारून आपल्यापासून हातभर दूर उभे राहण्याची ही रीत शतकानुशतके इतक्या सहजपणे चालली, हे विचार करण्याजोगे आहे.

इथे मी माझाच कान धरते. जनाबाईचे अभंग म्हणजे विगोत्स्कींचे ‘स्वतःशी बोलणे’ असे मी म्हटले तर वर चार वाणींबद्दल ज्या घाईवर टीका केली तीच घाई होईल. अभंग ही रचना आहे, तिला छंद आहे, ऐकणारे आहेत, आणि तिचा विठ्ठल तिच्यासाठी कल्पनेतला खेळगडी नाही. पण मनातले बोलणे हे एकट्याचे नसते, त्यात नेहमी कोणीतरी ऐकणारा गृहीत असतो, ही गोष्ट तिच्याकडून शिकता येते. जात्यावरच्या ओव्यांतही हेच. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाई कधी जात्याशी बोलते, कधी माहेरच्या आईशी, कधी दूरच्या भावाशी. समोर यांपैकी कोणीच नसते. असते ती फार तर खुंट्याला दुसरा हात लावणारी जाऊ किंवा शेजारीण. आणि दळण सरते.

समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक तर उघडच मनाला उद्देशून आहेत. समर्थांचे जांब आज जालना जिल्ह्यात, आमच्या शेजारीच. २०५ श्लोकांत एक माणूस आपल्या मनाला समजावतो, दटावतो, वाटेवर आणतो. स्वतःशी बोलून स्वतःला चालवणे याचे इतके मोठे उदाहरण आपल्या घराघरांत असताना आपण त्याचे काय केले? पाठांतराची स्पर्धा केली. पन्नास मुले एका सुरात मनाला हाक मारतात आणि त्यांतल्या एकानेही स्वतःच्या मनाशी स्वतःच्या शब्दांत दोन वाक्ये बोलली, तर त्याला गप्प केले जाते. पाठांतर वाईट असे मी म्हणत नाही. आवाज, उच्चार, लय त्याने घडते. पण उसने शब्द सुरात म्हणणे आणि अडलेल्या ठिकाणी आपला शब्द शोधणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्या शाळेला आवाजाच्या दोनच जाती माहीत आहेत, एकसुरी गजर आणि पूर्ण शांतता. पुटपुटणे मधले. त्याला वेळापत्रकात तास नाही.

६

मनातले बोलणे कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न मराठवाड्यात आणखी गुंतागुंतीचा आहे.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. त्यामुळे वरच्या इयत्तांत जाणाऱ्या मराठी मुलाला उर्दूतून शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले. आजोबांची शाळा मागे राहिली, पण एक गोष्ट राहिली नाही. ते घरात मराठी बोलत, हरिपाठ मराठीत म्हणत, बैलावर मराठीत ओरडत. पण कापसाचा हिशेब करायला बसले की त्यांचे ओठ हलत, आणि कान देऊन ऐकले तर कळे की पाढे उर्दूत चालले आहेत. ‘पंद्रा दूनी तीस.’ ज्या भाषेत आकडे पहिल्यांदा मोठ्याने म्हटले त्याच भाषेत ते आत जाऊन बसले होते. राज्य बदलले, झेंडा बदलला, मनातला मुनीम बदलला नाही.

आजोबांची ही गोष्ट मी वर्षानुवर्षे गंमत म्हणून सांगत आले. तिच्यातला दुसरा अर्थ मला माझ्याच वर्गातल्या एका मुलीमुळे कळला. ती तांड्यावरून यायची. घरी गोरमाटी बोलली जायची, शाळेत मराठी. ती शांत होती, इतकी शांत की मी तिचे कौतुक करायचे: ‘बघा, कशी गुपचूप काम करते.’ काम मात्र होत नसे. अडले की ती पेन्सिल धरून थांबायची, ओठसुद्धा हलत नसत. एकदा तिची धाकटी बहीण वर्गात येऊन तिच्याजवळ बसली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पुटपुटताना ऐकले, गोरमाटीत. बहिणीला ती काही सांगत नव्हती, बहीण तर दप्तराच्या बंदाशी खेळत होती. पण समजणारे एक माणूस शेजारी आले होते, आणि तेवढ्याने तिचा स्वतःशी संवाद सुरू झाला. विगोत्स्कींचा तो प्रयोग माझ्यासमोर घडत होता आणि मला तेव्हा त्याचे नावही माहीत नव्हते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. चांगले आहे. पण परभणीच्या तांड्यावरच्या मुलाची मातृभाषा मराठी, असे कागदावर गृहीत धरले जाते. गोरमाटीची पुस्तके यायची तेव्हा येतील. तोवर त्या मुलाला गोरमाटीत पुटपुटू देणे आपल्या हातात आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

७

आता माझ्या म्हणण्याच्या मर्यादा. पहिली: प्रत्येक माणूस मनात सारखाच बोलतो असे नाही. काहींचा विचार चित्रांतून चालतो. काही प्रौढ माणसे आपल्या मनात आवाज जवळपास नसतोच असे सांगतात, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशांना शब्द ध्यानात ठेवण्याच्या कामांत काहीशी अडचण आली, पण इतर कामे त्यांना जमत होती. बहिरी मुले हाताच्या खुणांनी स्वतःशी बोलतात. तेव्हा ‘बोलल्याशिवाय विचार नाही’ असा नवा नियम करून गप्प मुलाला बळेच बोलायला लावणे हीसुद्धा जबरदस्तीच.

दुसरी मर्यादा अभ्यासांच्या वाचनाची. १९८४ साली लॉरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगराळ भागातल्या गरीब मुलांचा अभ्यास केला. मध्यमवर्गीय मुलांच्या मानाने या मुलांचे स्वतःशी बोलणे उशिरापर्यंत ऐकू येत राहते, असे त्यांना दिसले, आणि त्याचा संबंध त्यांनी घरातल्या कमी बोलण्याशी जोडला. उशीर म्हणजे कमतरता नव्हे, हा त्यातला धडा मला मोलाचा वाटतो. पण ‘गरीब घरात बोलणे कमी’ हे सूत्र जसेच्या तसे इकडे आणायला मी तयार नाही. आमच्याकडची घरे मुकी नाहीत. ज्या घरात सुगीत, लग्नात, मरणात बायकांना ओव्या आणि गाणी सुचत आली, ते घर बोलण्यात दरिद्री कसे? दारिद्र्य असेल तर ते वेळेचे आहे. दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून ऊसतोडीला ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. पहाटे फडात उतरणाऱ्या आईकडे शब्द असतात. मुलाशी ते बोलायला तिच्यापाशी दिवस उरत नाही. दोष घराला द्यायचा की हंगामाला, हे आधी ठरवले पाहिजे.

तिसरी गोष्ट शाळेची आणि आजची. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्टात ‘समजून’ हा शब्द आहे, पण घड्याळ हातात घेऊन मोजता येतात ते साठ शब्दच. वाचता वाचता मूल थांबते, मागे जाते, ‘आं? कोण गेला?’ असे स्वतःलाच विचारते, तेव्हा शब्द कमी भरतात आणि समज वाढते. त्या क्षणाला आपण अडखळणे म्हणतो. मुलाच्या मनात बोलणे रुजत असल्याची ती खूण असू शकते, ही शक्यता तरी शिक्षकाच्या मनात असायला हवी.

एका खोलीत दोन वर्ग आणि चाळीस मुले असताना सगळ्यांना पुटपुटू द्यायचे कसे, असा प्रश्न कोणी विचारील. विचारायलाच हवा, कारण तोंडावर बोट ही शिक्षकाची दुष्टाई नव्हती, ती दोन खोल्यांची गरज होती. माझ्याकडे याचे मोठे उत्तर नाही. मी नंतरच्या शाळेत एवढेच केले: गणिताच्या वेळी तिसरीला व्हरांड्यात बसवू लागले, आणि ‘मनातल्या मनात’ याऐवजी ‘आपल्यापुरतं बोला’ असे म्हणू लागले. पहिले काही दिवस गोंगाट झाला. मग तो एका विशिष्ट पट्टीत स्थिरावला, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ येतो तसा. त्या गुणगुणीतून फिरताना कोणाचे कुठे अडले आहे ते मला वही न बघता कळू लागले. चुकीचे उत्तर वहीत उतरण्याआधी चुकीचे वाक्य कानावर येते, आणि वाक्य दुरुस्त करणे उत्तर दुरुस्त करण्यापेक्षा सोपे असते. मला एवढा व्यावहारिक फायदा झाला. मुलांना किती झाला हे मोजायला माझ्यापाशी साधन नव्हते, म्हणून त्याबद्दल दावा करत नाही.

पहिल्या शाळेतला तो मुलगा चौथीच्या दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर गेला आणि परतला तो पुढच्या उन्हाळ्यात. तोवर माझी बदली झाली होती. काही वर्षांनी गंगाखेडच्या आठवडी बाजारात मी त्याला पाहिले. मापात कांदे तोलत होता. गिऱ्हाइकाने पैसे पुढे केले तसे त्याचे ओठ हलले, झरझर हलले, आणि त्याने उरलेली मोड बरोबर परत केली. मी कांदे घेतले, त्याने मला ओळखले. ‘बाई, मी लई बडबड करायचो, न्हाई का?’ असे हसून म्हणाला. शाळेची त्याला राहिलेली आठवण एवढीच होती.

‘बडबड नव्हती ती,’ असे मी त्याला सांगायला हवे होते. मागे गिऱ्हाईक उभे होते. मी पिशवी उचलली, आणि ते वाक्य वाटेने स्वतःशीच म्हणत घरी आले.